पुळणीवरची मोकळी साखळी

सांप्रत आमच्या मध्यमवर्गात एक नवी हौस बोकाळली आहे. दिवाळी उलटून थंडी पडू लागली की व्हॅनमध्ये अंथरुणे, शेगडी आणि घरची कुत्री घालावयाची व कोकणचा किनारा धरावयाचा. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी घातलेला हा पायंडा समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या आमच्या कळमनुरीपर्यंत येऊन पोचला आहे. कयाधूच्या काठी राहणाऱ्यांना समुद्राची ओढ असावी यात गैर काही नाही. पहाटे खाडीवरून धुके सरकत असावे, वाळू पायाला गार लागावी आणि कुत्र्याने पुळणीवरून चौखूर उधळावे, हे दृश्य मनोहर आहे हेही मला मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो सुटलेल्या साखळीला.

कारण नेमक्या याच ऋतूत सागरी कासवांच्या माद्या रात्री वाळूवर चढतात. वेळास, आंजर्ले, गुहागर येथील पुळणींवर ऑलिव्ह रिडले जातीची मादी हात-दीड हात खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजविते आणि समुद्रात परतते. पिलांसाठी मागे थांबत नाही. पुढे पंचेचाळीस ते साठ दिवस ती अंडी वाळूच्या उबेवर असतात. कोल्ह्याकुत्र्यांना त्यांचा वास लागला की खड्डा उकरावयास फार वेळ लागत नाही. शिवाय माणसाची वा कुत्र्याची चाहूल लागली तर मादी अंडी न घालताच माघारी फिरते. हे नुकसान तर कोणाच्या दृष्टीसही पडत नाही.

यावर श्वानप्रेमी धर्मराजाचा दाखला हटकून देतात. धर्मराजाने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला, हे खरे. आमचे गृहस्थ कुत्र्यासाठी साधी दोरी हाती धरावयास तयार नाहीत! आणि कुत्र्यांसह कोकणप्रवास हा काही यांनी लावलेला शोध नव्हे. फलटणकडील धनगर पिढ्यान् पिढ्या पावसाळा सरला की मेंढरे, घोडी आणि कुत्री घेऊन घाट उतरत आले आहेत. भात कापून झालेल्या शेतात कोकणी शेतकरी त्यांची मेंढरे बसवून घेतो व लेंडीखताचा मोबदला देतो. त्या कुत्र्यांना कळप राखण्याचे काम असते. आमच्या गाडीतील कुत्र्याला काम नाही आणि त्याच्या धन्याला धाक नाही. तरीही निसर्गप्रेमी म्हणून मिरवावयाचे ते याने, आणि वाटेत मेंढरे आडवी आली की भोंगा वाजवून धनगराला खेकसावयाचे तेही यानेच.

‘किनाऱ्यावर गावठी कुत्री आधीच आहेत, आमच्या एकाने काय मोठेसे बिघडते?’ असा एक युक्तिवाद मी वारंवार ऐकतो. गावठी कुत्री पुळणीवर पोसली जातात त्यात पर्यटकांनी टाकलेल्या उष्ट्याचा वाटा थोडा नाही, ही गोष्ट तूर्त बाजूला ठेवू. पण आधीच फुटलेल्या बांधाला आणखी एक भगदाड पाडण्याची मुभा असते, हे तर्कशास्त्र कोणत्या शाळेत शिकवितात? शिवालयात नंदीमागोमाग दगडी कासवाला हात लावून पुढे जाणारे हेच लोक. जिवंत कासवीच्या वाट्याला मात्र यांच्याकडून दगडाएवढाही मान येत नाही.

वेळासमध्ये एके काळी अंडी उकरून नेली जात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तेथे संरक्षणाचे काम हाती घेतले. गावकरी पहाटे पुळण पालथी घालून घरटी शोधू लागले. ती अंडी कुंपणात नेऊन पुरावयाची, दिवस मोजावयाचे आणि पिले निघाली की समुद्राकडे सोडावयाची, असा क्रम पडला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला संरक्षण दिले असले तरी थंडीत पहाटे वाळू तुडविली ती या माणसांनी. त्यांच्याच घरी उतरून मोदक हाणणाऱ्या पाहुण्यास ‘नोव्हेंबर ते मे कुत्रे बांधून ठेवा, रात्री पुळणीवर नेऊ नका’ असे सांगितले तर तो नाक मुरडतो, आणि ग्रामपंचायतीने दंडाची पाटी लावली की आपल्या स्वातंत्र्यावर घाला आला म्हणतो. तशी पाटी प्रत्येक पुळणीच्या तोंडाशी लागली पाहिजे, आणि दंडाची रक्कम व्हॅनच्या मालकास बोचेल एवढी असली पाहिजे.