राकाईत काय बदलले

आज १ डिसेंबर, जागतिक एड्स दिन. लाल फिती लावल्या जातील, विद्यार्थ्यांच्या फेऱ्या निघतील, संयमाचे उपदेशही होतील. उपदेश करणाऱ्यांनी एकदा युगांडातल्या राकाई जिल्ह्याकडे नीट पाहावे.

व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेचा, टांझानियाच्या सीमेला लागून असलेला हा केळी आणि कॉफी पिकवणारा मुलूख. १९८२ च्या सुमारास इथल्या कासेन्सेरो या कोळ्यांच्या वस्तीत धडधाकट माणसे वाळत जाऊन मरू लागली. लोक या रोगाला ‘स्लिम’ म्हणू लागले. बघता बघता घरोघरची कर्ती माणसे गेली आणि नातवंडे आजीच्या पदरात आली. सरकारने ‘झीरो ग्रेझिंग’ची हाक दिली: खुंट्याला बांधलेले जनावर आपल्या भोवतालचेच खाते, तसे माणसाने आपल्या जोडीदारापाशी राहावे. १९८९ मध्ये लोकप्रिय गायक फिली लुताया याने आपल्याला एड्स झाल्याचे जाहीर सांगितले आणि त्याच डिसेंबरात प्राण जाण्याआधी तो शाळांतून, चर्चमधून बोलत फिरला. ज्या गोष्टीची घरात कुजबुजही होत नव्हती, ती चारचौघांत बोलली जाऊ लागली.

१९९४ पासून संशोधक राकाईतल्या गावांत पुन्हा पुन्हा जाऊन तेच प्रश्न विचारत आले आहेत: पहिला संबंध कितव्या वर्षी, जोडीदार किती, कंडोम वापरता का. शिवाय रक्ततपासणी. त्यामुळे इथले निष्कर्ष केवळ लोकांच्या सांगण्यावर उभे नाहीत. याच कामाने एक गोड समजूत मोडली. नव्वदच्या दशकात बाधितांचे प्रमाण उतरले, त्याचे श्रेय संयम आणि एकनिष्ठेला दिले जात होते. २००५ मध्ये राकाईच्या संशोधकांनीच सांगितले की त्या घसरणीत मोठा वाटा बाधितांच्या मृत्यूंचा आहे. सारे जग कौतुक करत असताना हे सांगायला धैर्य लागते.

पुढचा बदल मात्र खरा होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार नव्या लागणीचे प्रमाण २०१६ पर्यंत ४२ टक्क्यांनी घटले. लैंगिक वर्तनात ठळक फरक दिसला तो कोवळ्या वयात: १५ ते १९ वर्षांच्या ज्या मुलामुलींनी अजून संबंध ठेवलेला नव्हता, त्यांचे प्रमाण १९९९ मधल्या ३० टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेले. बाकी वर्तन बरेचसे पूर्वीसारखेच राहिले. पण त्याच काळात, लागणीचा धोका कमी करणारी सुंता करून घेतलेल्या पुरुषांचे प्रमाण १५ वरून ५९ टक्क्यांवर गेले आणि ६९ टक्के बाधित औषधांवर आले. मुले थांबली कशाने? १९९७ मध्ये युगांडाने प्राथमिक शिक्षण मोफत केले. शाळेत टिकलेली मुलगी लवकर संसारात ढकलली जात नाही, पैशासाठी मोठ्या वयाच्या पुरुषाच्या हाती लागत नाही. तिच्यापुढची जोखीम शाळेने कमी केली. सरोवराकाठच्या मासेमारी वस्त्यांत तर दर दहांत चार प्रौढ बाधित आढळले होते. तिथेही औषधे आणि सुंतेची सोय पोहोचल्यावर २०११ ते २०१७ दरम्यान नव्या लागणीचे प्रमाण निम्म्याखाली आले.

आफ्रिकेतल्या लोकांना घड्याळाची सवय नाही, त्यामुळे त्यांना एड्सची औषधे वेळेवर घेता येणार नाहीत, असे २००१ मध्ये अमेरिकेच्या मदतसंस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस म्हणाले होते. संतापजनक विधान होते ते, आणि राकाईने ते साफ खोटे पाडले. त्याच वर्षी मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. तोवर त्याला दहा हजार डॉलरहून अधिक पडत होते. अडचण सवयीची नव्हती, किमतीची होती.

आज पुन्हा तोच प्रश्न आहे. वर्षातून दोनदा टोचायचे, लागण रोखणारे लेनाकापाविर हे औषध युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २,१३४ तरुणींना दिले गेले, आणि चाचणीच्या निष्कर्षात त्यांच्यापैकी एकीलाही लागण झालेली नव्हती. हैदराबादच्या दोन कंपन्यांनी २०२७ पासून हे औषध माणशी वर्षाला सुमारे ४० डॉलरला देण्याचे मान्य केले आहे. पण जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि आफ्रिकेतल्या अनेक दवाखान्यांचे काम विस्कटले. ते ४० डॉलर कोण भरणार, हे श्रीमंत देशांनी आणि आफ्रिकेतल्या अर्थमंत्र्यांनी येत्या अंदाजपत्रकांत सांगायला हवे. राकाईतल्या शाळकरी मुलींना त्यासाठी पुढच्या १ डिसेंबरपर्यंत थांबवू नये.