आजच्यापुरतं मागा

"इतके दिवस प्रार्थना करतोय, पण देव काही बोलतच नाही," ही तक्रार मंडळीत नेहमी कानावर येते. मुलीला दोन स्थळं सांगून आलीत, होकार कोणाला द्यावा? मुलाने पुण्याची नोकरी धरावी की गावी आईवडिलांजवळ राहावं? शेताचा तुकडा विकून फ्लॅट घ्यावा का? प्रश्न खरे आहेत आणि त्यामागची काळजीही खरी आहे. फक्त उत्तर आपल्याला वरून, पक्कं, तारीखवार घालून आलेलं हवं असतं. ते येत नाही. मग कोणी डोळे मिटून बायबल उघडतो आणि बोट पडेल ते वचन देवाचा निरोप समजतो. कोणी परगावच्या संदेष्ट्याच्या सभेला गाडी करून जातो. कोणी 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मिळालेलं वचनाचं कार्ड पाकिटात ठेवून वर्षभराचे व्यवहार त्यावर ठरवतो. कार्डाला माझी हरकत नाही, वाचून धीर येतो. पण वैऱ्यावर प्रीती करा असं सांगणारं कार्ड कोणाच्या वाट्याला आलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या गोष्टी देवाने आधीच सांगून ठेवल्यात, त्यांच्याबद्दल पुन्हा मार्गदर्शन मागत बसू नका. हुंडा घ्यावा का, यासाठी उपास करायची गरज नाही. भावाच्या वाटणीतला बांध कोरावा का, यासाठीही नाही. याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहिलंय की ज्याला शहाणपण कमी पडतं त्याने देवाकडे मागावं, तो हात आखडता घेत नाही. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात असंही आहे की मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी देवापर्यंत ओरडत पोचते. आपण पहिला अध्याय पाठ करतो आणि पाचवा उलटून जातो. गवंड्याचे पैसे महिनोन् महिने थकवून नव्या घरासाठी देवाची इच्छा विचारणाऱ्याला मी एवढंच सांगेन, आधी गवंड्याचे पैसे द्या.

उरतात ते खरोखर अवघड प्रश्न, जिथे दोन्ही वाटा चांगल्या दिसतात. तिथे देव कसा वाट दाखवतो, हे पाहायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं.

1896 च्या सुमारास रमाबाईंपुढे काय परिस्थिती होती, ते बघा. त्यांचं विधवांसाठीचं शारदा सदन चालत होतं ते बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या मदतीवर, आणि त्या लोकांनी कबूल केलेली दहा वर्षं 1898 मध्ये संपणार होती. पुढे पैसा कुठून येणार, याचं उत्तर हातात नव्हतं. अशात मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि अनाथ मुली, तरुण विधवा भुकेने रस्त्यावर आल्या. हिशेबी माणूस म्हणाला असता, आहे तेच निभत नाही, नवं ओझं कशाला? रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. जायचं का, हे त्यांना कशाने कळलं? त्यांनीच सांगितलेलं कारण साधं आहे. आधीच्या मोठ्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली होती. उपाशी पोटी पायपीट करणं म्हणजे काय, हे त्या भोगून चुकल्या होत्या, आणि समोरच्या मुलींमध्ये त्यांना स्वतःचंच लहानपण दिसलं. बाईंच्या बाबतीत देवाने मार्ग दाखवला तो त्यांच्याच जुन्या दुःखातून.

पुढचंही पाहण्यासारखं आहे. त्या मुलींना घेऊन आल्या तेव्हा पुण्यात प्लेगची साथ होती, शहरात इतक्या जणींना ठेवणं शक्य नव्हतं. केडगावला जमीन होती, तिथे झोपड्या-मांडव उभे राहिले. रमाबाईंनी इंग्लंडातल्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचलं होतं. कोणापुढे हात न पसरता, फक्त देवाकडे मागून हजारो अनाथ मुलं वाढवणारा हा माणूस. त्यांनाही तसंच जगायचं होतं. पण केडगावला त्या नुसत्या गुडघे टेकून बसल्या नाहीत. विहिरी खोदल्या, फळझाडं लावली, मुलींच्या हाती शेती, विणकाम, छपाई अशी कामं दिली. प्रार्थना आणि विहीर यांत त्यांना कधी विरोध दिसला नाही. नहेम्याचीही तीच तऱ्हा. यरुशलेमचा तट बांधताना शत्रू चालून येणार असं कळलं, तेव्हा लोकांनी प्रार्थना केली आणि त्याच दमात रात्रंदिवस पहारा बसवला.

म्हणून विश्वासाच्या नावाखाली कोणी साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायला सांगत असेल, तर त्याचं ऐकू नका. पौलाने तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर घरगुती उपाय सुचवला होता. गोळी घ्या आणि प्रार्थनाही करा.

आता सामर्थ्याबद्दल. ही गोष्ट माझ्या मते मार्गदर्शनापेक्षा जास्त निकडीची आहे. बऱ्याच जणांना काय करायचं ते चांगलं ठाऊक असतं, करायची ताकद उरलेली नसते. घरात सासू अंथरुणाला खिळलेली. पहाटे उठून तिची कूस बदलायची, ओली चादर काढायची, पाठीला जखम झालीय का बघून पावडर लावायची, डबे भरायचे, आणि नऊच्या बसला कामावर पळायचं. त्या सुनेला वचनातून कोणतं नवं प्रकटीकरण हवं आहे? तिला आजचा दिवस रेटायला बळ हवं आहे.

ते आजच्यापुरतंच मागावं. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तो दर सकाळी, त्या दिवसाच्या पोटापुरता. ज्यांनी उद्यासाठी लपवून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. पुढच्या पाच वर्षांचं बळ आज मागितलं तर हाती येते ती पाच वर्षांची काळजी.

आणि ते बळ येतं कसं, हेही शास्त्रात स्पष्ट आहे. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया ईजबेलच्या धमकीने पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं. मग देवदूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पुढे केलं. खाऊन तो पुन्हा झोपला, तर पुन्हा उठवून खायला घातलं. देवाने त्याची विचारपूस केली ती नंतर, होरेब डोंगरावर. दमलेल्या माणसाला "तुमची प्रार्थना कमी पडते" असं सांगणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्रही बघा. पौल कैदेत आहे, बहुतेक सोबती दूर गेलेत. शेवटच्या अध्यायात तो लिहितो की प्रभू माझ्या पाठीशी उभा राहिला, त्याने मला बळ दिलं. आणि त्याच अध्यायात निरोप धाडतो, त्रोवसला कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकं आण, मार्कालाही सोबत घे, आणि हिवाळ्याआधी ये. प्रभू जवळ आहे म्हणून थंडी वाजत नाही, असं ढोंग त्याने केलं नाही. सोबत हवी होती, ती मागितली.

आपल्याकडे मात्र अडचण सांगायची लाज वाटते. "प्रार्थनेत आठवण ठेवा" म्हणून मोकळे होतो आणि ऐकणाराही "हो, नक्की" म्हणून मोकळा होतो. तेव्हा ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी संकोच सोडून सांगावं की गुरुवारी दुपारी दोन तास कोणीतरी येऊन बसा, मला झोप हवी आहे. आणि ज्यांच्या घरी सध्या सगळं ठीक आहे, त्यांनी येत्या रविवारी उपासना सुटल्यावर गाडीला किक मारून लगेच निघू नये. मागच्या बाकावरून घाईने घरी निघालेल्या त्या सुनेला थांबवावं आणि विचारावं, "ताई, कोणत्या दिवशी येऊ?"