पाऊलखुणा कोणाच्या जपाव्या?

विद्यार्थिमित्रहो, ऐतिहासिक स्थळ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ल्याचा बुरूज, राजवाड्याचा दरवाजा किंवा एखाद्या वीराची समाधि उभी राहते. त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु जेथें राजा आला नाहीं, लढाई झाली नाहीं, तेथें इतिहासच घडला नाहीं, असें मानणें ही मात्र मोठी चूक होय. या बाबतींत अमेरिकेंतील एका लहानशा गांवाची हकीकत विचार करण्याजोगी आहे.

कॅन्सस राज्याच्या वायव्येस, जेथें पूर्वीं गोऱ्या लोकांची वस्ती तुरळक होती, अशा गवताळ मुलुखांत ग्रेअम काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा, पण लहान विभाग. तेथें सॉलोमन नदीजवळ १८७७ सालीं निकोडेमस हें गांव वसलें. वसविणारे बहुतेक केंटकी राज्यांतून आलेले निग्रो लोक होते. अमेरिकेंतील गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें नष्ट झाली. म्हणजे बारा वर्षांपूर्वीं यांतील पुष्कळजण दुसऱ्याच्या मालकीचे होते! १८६२ च्या कायद्यान्वयें जो कोणी पांच वर्षें जमिनीवर राहून ती कसील, त्याला १६० एकर जमीन अल्प शुल्कांत मिळे. स्वतःच्या शेताची ही आशा त्यांना इतक्या दूर घेऊन आली.

आल्यावर पाहतात तों घर बांधावयास झाड नाहीं! लोकांनीं जमिनींत घरें खोदलीं आणि त्यांत हिंवाळा काढला. निराश होऊन कित्येक परत फिरले. शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज लोकांनीं आपल्याजवळील मांस देऊन उरलेल्यांना जगविलें, असें तेथें सांगतात. या ओसेज लोकांना थोड्याच वर्षांपूर्वीं कॅन्सस सोडून जावें लागलें होतें, हें येथें विसरतां कामा नये. ‘आद्य वसाहतवाले’ हा शब्द आपण सहज वापरतों. पण ती भूमि त्यापूर्वीं निर्जन नव्हती. एकाचें कौतुक करतांना दुसऱ्याचें दुःख झांकणारा इतिहास अर्धाच होय.

पुढें गांवांत शेती पिकूं लागली, शाळा निघाली. जेनी फ्लेचर या बाई तेथील पहिल्या शिक्षिका. गांवाशीं संबंध असलेले एडवर्ड मॅकेब १८८२ सालीं कॅन्सस राज्याचे हिशेबतपासनीस निवडून आले. परंतु १८८८ सालीं रेल्वे गांव टाळून नदीपलीकडून गेली. व्यापारी रुळांच्या मागें गेले आणि गांव ओसरत चाललें.

आज तेथें जुन्या पांच इमारती मुख्यत्वें जपल्या आहेत: शाळा, दोन प्रार्थनामंदिरें, एक हॉटेल व गांवकीचें सभागृह. १९९६ सालीं त्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरल्या. कोणी म्हणेल, अशा साध्या भिंतींवर पैसा कां खर्चावा? माझें उत्तर असें कीं, भिंतीचें मोल तिच्या नक्षींत नसून ती उभारणाऱ्याच्या कष्टांत असतें. ज्यांना काल स्वतःचा देहही स्वतःचा म्हणतां येत नव्हता, त्यांनीं बांधलेली शाळा एखाद्या बुरुजाहून कमी कशी? दरवर्षीं जुलैच्या अखेरीस त्या लोकांचे वंशज दूरदूरच्या शहरांतून गांवीं जमतात व मुक्तीचा उत्सव करितात. सरकारी पाटीपेक्षां हें येणेंच त्या गांवाला अधिक जिवंत ठेवितें.

हें सारें आपणांस अगदींच परकें नाहीं. पुण्याच्या मिशन शाळेंत शिकलेल्या ज्योतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक, गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकन लोकांस अर्पण केलें होतें. दूरच्या माणसाची बेडी तुटलेली पाहून आपलीही तुटेल, ही आशा त्यामागें होती.

म्हणून मित्रहो, या सुटींत गांवीं जाल तेव्हां किल्ला अवश्य पाहा. पण गांवची पहिली विहीर कोणीं खणली, पहिली शाळा कोणाच्या ओसरीवर भरली, आणि त्या विहिरीचें पाणी कोणाला मिळत नव्हतें, हेंही आजीआजोबांना विचारा. आणि पालकहो, मुलांनीं विचारलें म्हणजे कंटाळूं नका. सांगणारे गेल्यावर केवळ दगड उरतात, आणि दगड आपण होऊन बोलत नाहींत.