नांगराखाली गेलेले थडगे

इंग्लंडच्या केंट परगण्यात, मेडवे नदीच्या पूर्वेस ब्लू बेल टेकडीच्या परिसरात १८२२ साली शेत नांगरताना मजुरांचा फाळ प्रचंड शिळांना अडला. शिळांपाशी मानवी अस्थी निघाल्या, मातीच्या भांड्याचा अवशेष निघाला. क्लेमेंट स्माइद आणि टॉमस चार्ल्स हे पुराणवस्तूंचे दोन स्थानिक अभ्यासक पाहणीस आले. स्माइद यांनी टिपण केले, आणि थोड्याच काळात ते थडगे उद्ध्वस्त झाले. नवाश्मयुगात, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या सहस्रकात, त्या भूमीवरील आद्य शेतकऱ्यांनी आपल्या मृतांसाठी ते रचले होते.

शेतमालकाला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्याच्या लेखी ते वाटेतले धोंडे होते, आणि ते काढू नयेत असा कायदा त्या देशात नव्हता. तो १८८२ मध्ये झाला. त्याच्या पहिल्याच यादीत याच परिसरातील ‘किट्स कोटी हाउस’ हे तशाच प्रकारचे थडगे होते. ते आजही लोखंडी कठड्याआड उभे आहे.

खरा आक्षेप घ्यावयाचा तो जाणत्यांवर. स्माइद यांचे टिपण जॉन इव्हान्स यांनी प्रसिद्ध केले तेव्हा १९४८ साल उजाडले होते. सव्वाशे वर्षे ही माहिती कागदांत पडून राहिली! अर्थात, त्या थडग्याविषयी आज जे काही सांगता येते ते मुख्यत्वे त्याच कागदांच्या आधारे, हेही मान्य केले पाहिजे.

परदेशातील गोष्ट म्हणून हे सोडून देता येत नाही. नागपूरजवळ जुनापाणी येथे सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत. ती लोहयुगातील, म्हणजे केंटच्या थडग्याहून पुष्कळच अलीकडची. पण तीही मृतांसाठीच रचलेली. जुनापाणीला कायद्याचे संरक्षण आहे. विदर्भातील इतर कित्येक वर्तुळे मात्र शेतांत, झुडपांत उघडी पडली आहेत, आणि बांध घालणाऱ्यास त्यांतले धोंडे सोयीचेच वाटणार. प्रत्येक वर्तुळाभोवती कठडा घालावा अशी मागणी करण्यात अर्थ नाही. ती कोणत्याही सरकारला परवडणार नाही. गावच्या दप्तरात विहिरीची नोंद होते, तशी या वर्तुळांची गट क्रमांकासह, मोजमापासह व्हावी आणि ती त्याच वर्षी छापली जावी. तलाठी आणि गावचा शिक्षक मनावर घेतील तर एका गावाचे हे काम एका उन्हाळ्याच्या सुटीत होण्यासारखे आहे.