दुधाच्या दातांचा हिशेब

दुधाचे दात पडायचेच असतात, मग त्यांची एवढी निगा कशासाठी, हा प्रश्न आपल्याकडे सुशिक्षित घरांतूनही निःशंकपणे विचारला जातो. वरवर पाहता तो व्यवहारी वाटतो. वस्तुतः त्यात हिशेबाचीच चूक आहे. मुलाचे वीसही दात एकाच वेळी पडत नाहीत. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरे, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहावयाच्या असतात. पाचव्या वर्षी किडलेल्या दाढेला अजून पाच-सहा वर्षे अन्न चावायचे असते आणि मागाहून येणाऱ्या कायमच्या दातासाठी जागा राखून ठेवायची असते. ती अकाली काढावी लागली, की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पुढे दातांना तारा बसविण्याचा खर्च उद्भवतो.

याहून मोठी गफलत सहाव्या वर्षीच्या दाढेबाबत होते. कायमची पहिली दाढ कोणताही दुधाचा दात न पाडता, सर्वांत मागे निमूटपणे उगवते. काही पडले नाही म्हणून नवे काही आले हेही घरच्यांच्या ध्यानात येत नाही, आणि तिला दुधाचीच समजून दुर्लक्षिले जाते. जी आयुष्यभर पुरावयाची, तीच पुष्कळदा बाराव्या वर्षाच्या आत पोखरली जाते.

दात किडतात ते साखरेमुळे, एवढे सर्वांना ठाऊक आहे. कसे किडतात हे तितके ठाऊक नाही. दातांवरील चिकट थरातील जंतू साखरेचे आम्ल बनवितात, ते आम्ल दाताच्या कठीण आवरणातील खनिज विरघळविते, आणि लाळ हळूहळू ते आम्ल निवळवून झीज काही अंशी भरून काढते. या क्रियेला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. त्यामुळे प्रश्न साखर किती खाल्ली एवढाच नसून दिवसातून किती वेळा खाल्ली हाही आहे. जेवणाबरोबर खाल्लेल्या श्रीखंडापेक्षा दिवसभर चघळलेल्या चार गोळ्या अधिक घातक ठरतात, कारण लाळेला सवडच मिळत नाही. सणावारी तोंड गोड करण्याच्या प्रथेला दोष देण्याचे कारण नाही. सण रोज नसतो. एक-दोन रुपयांची गोळी मात्र रोज असते.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. गोळीवर छापलेल्या किमतीत दाढेचा खर्च धरलेला नसतो. गोळी विकणारा एक, खाणारा दुसरा आणि काही वर्षांनी दंतवैद्याचे बिल भरणारा तिसरा, अशा व्यवहारात बाजारभाव खऱ्या किमतीविषयी मौन पाळतो. शासनाच्या करधोरणानेही हे मौन मोडलेले नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट व टूथब्रश यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्हच होते. परंतु त्याच दिवशी चॉकलेट आणि बिस्किटेही १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. दात घासण्याचे साधन आणि दात किडविणारा पदार्थ एकाच पंक्तीत बसले! शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत अतिगोड, अतिखारट व अतिस्निग्ध पदार्थ विकू नयेत, असा २०२० चा केंद्रीय नियम आहे. मधल्या सुट्टीत कोणत्याही शाळेबाहेर उभे राहिल्यास त्याची अवस्था कळून येते.

घरच्या सवयींचाही विचार केला पाहिजे. आपल्याकडे दात घासणे हा सकाळच्या शुद्धीचा भाग आहे. रात्री दात घासणे अजून अनेक घरांत चोचला समजला जातो. प्रत्यक्षात झोपेत लाळ कमी स्रवते, म्हणून रात्रीचेच घासणे अधिक मोलाचे. राखुंडीच्या भरड कणांनी दाताचे आवरण झिजते. मशेरीबद्दल तर काय बोलावे? दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून बंदी असली तरी घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला ती कशी रोखणार? आजी मशेरी लावते आणि नात पाहून शिकते. दुसरीकडे फ्लोराइडयुक्त पेस्ट कीड रोखण्यास खरोखर उपयोगी असून जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. मात्र जाहिरातीत ब्रशभर दिसणारी पेस्ट मुलांसाठी नव्हे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील ज्या गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तेथे मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात; तेथील पालकांनी दंतवैद्याला विचारूनच पेस्ट निवडावी. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाती ब्रश देऊन मोकळे होणेही योग्य नाही. त्या वयात हाताला तेवढे वळण नसते.

पालघर येथून २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांच्या किडीचा समावेश आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी अपेक्षित आहे. तपासणीने कीड सापडते, टळत नाही. आणि सापडल्यावर खेड्यातील मजुराने दिवसाची रोजी बुडवून मुलाला तालुक्याला न्यावे, ही अपेक्षा कागदावरच शोभते.

स्कॉटलंडने निराळा मार्ग धरला. तेथे ‘चाइल्डस्माइल’ या कार्यक्रमाखाली बालवाडीतच रोज मुलांकडून दात घासून घेतले जातात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार आठव्या वर्षापर्यंत उपचारांवरील वार्षिक बचत कार्यक्रमाच्या खर्चाच्या अडीच पटींहून अधिक झाली होती. आपल्या अंगणवाडीत मुले आहार घेतात, हात धुतात; त्यापाठोपाठ दात घासणे कठीण नाही. खरा खर्च ब्रशचा नसून माणसाच्या वेळेचा आहे. आधीच नोंदवह्यांत बुडालेल्या सेविकेवर हे आणखी एक फुकटचे काम लादले, तर ते नोंदवहीतच पार पडेल. मदतनिसाला त्यासाठी वेगळे मानधन द्यावे लागेल. पैसा कोठून आणावयाचा, याचे उत्तर अवघड नाही. वायुमिश्रित गोड पेयांवर पूर्वी २८ टक्के कर व १२ टक्के भरपाई उपकर होता. सप्टेंबर २०२५ पासून सरसकट ४० टक्के कर झाला. एकूण भार तोच राहिला, परंतु उपकर गेल्यामुळे राज्याचा वाटा १४ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेला. या वाढीव सहा टक्क्यांतील थोडा भाग अंगणवाड्यांतील दात घासण्यासाठी वेगळा काढण्याचा निर्णय राज्याच्या अर्थसंकल्पात घेता येईल.