अक्षरं बिघडलेली दिसली, तर आधी ‘सेव्ह’ दाबू नका

चंदीगडमध्ये एकाच टेबलावरच्या संगणकातून दिवसभरात तीन-तीन लिप्यांचा मजकूर जातो. 1 नोव्हेंबर 1966 पासून हे शहर दोन राज्यांची राजधानी आहे. पंजाबचे कागद गुरुमुखीत, हरियाणाचे हिंदीत, आणि शहराच्या स्वतःच्या प्रशासनाचा कारभार इंग्रजीत. नोकरीनिमित्त तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या याद्या, निमंत्रणं, मुलांचे निबंध यांची त्यात भर. या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडलेली फाइल अगम्य चिन्हांनी भरलेली दिसली, तर घाबरून काही टाइप करू नका आणि सेव्ह तर मुळीच करू नका. बहुतेक वेळा मजकूर शाबूत असतो, एडिटर तो चुकीच्या पद्धतीने वाचत असतो.

फाइलमध्ये अक्षरं नसतात, आकडे असतात. यूटीएफ-8 पद्धतीत ‘म’ हे अक्षर 224, 164 आणि 174 अशा तीन आकड्यांत साठवलं जातं. नागरीतलं जवळजवळ प्रत्येक अक्षर 224 ने सुरू होतं आणि पुढे 164 किंवा 165 येतो. गुरुमुखीत तिथे 168 किंवा 169 असतो. एडिटरने हेच आकडे जुन्या ‘अँसी’ पद्धतीने वाचले, की ‘म’च्या जागी तीन चिन्हं उमटतात: डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए, चार किरणांचं छोटं वर्तुळ आणि वर्तुळातला आर. चंदीगडमध्ये नुसता घर क्रमांक सांगून पोस्टमनचं भागत नाही, कारण तोच क्रमांक दुसऱ्या सेक्टरमध्येही असतो. या आकड्यांचंही तसंच आहे, आणि त्यांचा सेक्टर म्हणजे एन्कोडिंग.

म्हणून आधी फाइलची एक प्रत काढून ठेवा आणि मग खिडकीच्या तळाशी उजवीकडे पाहा. तिथे एन्कोडिंगचं नाव लिहिलेलं असतं. व्हीएस कोडमध्ये त्यावर क्लिक केलं की दोन पर्याय येतात. ‘रीओपन विथ एन्कोडिंग’ फाइल नव्याने वाचतो, तर ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ ती नव्याने लिहितो. तुम्हाला पहिला हवा आहे. नोटपॅड प्लस प्लसच्या एन्कोडिंग मेनूतही ‘यूटीएफ-8’ आणि ‘कन्व्हर्ट टू यूटीएफ-8’ हे वेगळे आहेत. बिघडलेल्या मजकुरावर ‘कन्व्हर्ट’ चालवलं, तर बिघाडच पक्का होतो.

सेटिंग बदलूनही पुन्हा जुनंच येतं, ही तक्रार फार ऐकू येते. अशा वेळी सेटिंग कुठून येतं ते शोधा. व्हीएस कोडमध्ये तुमच्या सेटिंगपेक्षा त्या फोल्डरचं सेटिंग वरचढ ठरतं, आणि वेगळं प्रोफाइल सुरू असेल तर आणखी गोंधळ होतो. एक टेम्पररी प्रोफाइल उघडून तीच फाइल पाहा. तिथे ती नीट दिसली, तर दोष तुमच्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये आहे. नोटपॅड प्लस प्लसची कॉन्फिग फाइल त्याच प्रोग्रॅममध्ये उघडून बदलू नका. तो बंद होताना आपली जुनी नोंद पुन्हा लिहून टाकतो. ऑफिसच्या संगणकावर ॲडमिनच्या खात्याने एडिटर उघडलात, तर सेटिंगही त्या खात्याचं लागतं.

चौकोनच चौकोन दिसले, तर बहुधा फक्त फॉन्ट नाही, तो बसवा. नुसती इंग्रजी अक्षरं अर्थहीन ओळींत दिसली, तर मजकूर बहुधा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला आहे. उत्तरेतल्या हिंदी टायपिंगमध्ये तो अजून सर्रास आहे, आपल्याकडे श्रीलिपी तशीच, पंजाबीत अनमोललिपी. इथे एन्कोडिंग बदलून काही होणार नाही. तो फॉन्ट लावा किंवा त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरा, आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला.

प्रश्नचिन्हं मात्र गंभीर आहेत. 2019 च्या विंडोज 10 सुधारणेपर्यंत साधं नोटपॅड नवी फाइल अँसीत जतन करू पाहायचं. जुन्या यंत्रांवर ते आजही तसंच करतं. मराठी मजकूर असेल तर अक्षरं नष्ट होतील असा इशारा ते आधी देतं, आणि घाईत आपण ‘ओके’ दाबतो. त्या क्षणी प्रत्येक अक्षराच्या जागी 63 हा एकच आकडा, म्हणजे प्रश्नचिन्ह, लिहिला जातो. मूळ आकडे गेले की कोणतंही सेटिंग ते परत आणत नाही. तिथे ‘कॅन्सल’ दाबा, ‘सेव्ह ॲज’मध्ये जा आणि यूटीएफ-8 निवडा. वेळ निघून गेली असेल, तर एडिटर अजून उघडा आहे का पाहा. अनडू चालेल तोवर मजकूर तिथून मिळू शकतो. नाहीतर बॅकअप तपासा, किंवा ज्याने फाइल पाठवली त्याच्याकडून मूळ प्रत लगेच मागून घ्या, त्याच्याकडूनही ती पुसली जाण्याआधी.