दीर्घ श्वास आणि रिकाम्या जागा

परिचारिकांचा ताण व थकवा हलका करण्यासाठी रुग्णालयांतून श्वसनाचे व्यायाम शिकविले जातात. त्यांची टिंगल करण्याचे काहीच कारण नाही. मिनिटाला सुमारे सहा श्वास, पोटातून घेतलेले, आणि उच्छ्वास श्वासापेक्षा लांब, असे श्वसन केले की व्हेगस या मज्जातंतूचा प्रभाव वाढतो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि मनाला काहीशी स्वस्थता लाभते. त्यासाठी पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही.

मात्र वेळ लागतो. रात्रपाळीत एकट्या परिचारिकेवर सगळा वॉर्ड सोपविलेला असेल, तर तिने दहा मिनिटे डोळे मिटायचे तरी कसे? तेवढ्या वेळात एखाद्याचे सलाईन संपले, एखाद्याला धाप लागली, तर धावून कोण जाणार? मग हा व्यायाम तिने घरी करावा, असे सांगितले जाते. म्हणजे कामाने आलेला थकवा तिने स्वतःच्या विश्रांतीतून फेडावयाचा! येथेच उपचाराची पळवाट होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या वर्गीकरणात कामातून येणाऱ्या या हताश थकव्याला व्यक्तीचा आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन, न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम मानला आहे. मूळ कामाच्या रचनेत असेल, तर इलाज केवळ फुप्फुसांत शोधून कसे चालेल?

कामाचे तास, पाळ्या व साप्ताहिक सुट्टी याबाबत परिचारिकांना इतर कामगारांच्या बरोबरीचे स्थान देणारा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ सालीच संमत केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. याउलट, केरळातील खासगी रुग्णालयांच्या परिचारिका २०१७ साली संघटितपणे लढल्या, तेव्हा २०१८ मध्ये २०,००० रुपयांच्या किमान वेतनाची अधिसूचना राज्य शासनाला काढावी लागली. जे उपदेशाने मिळाले नाही, ते एकजुटीने मिळाले.

तेव्हा श्वसनाचे वर्ग अवश्य चालावेत. पण ते पाळीच्या वेळातच, पगारी वेळ म्हणून, आणि तेवढा काळ वॉर्ड सांभाळणारी बदली परिचारिका देऊन. ही एवढी साधी अट मान्य करावयाची झाली, तरी व्यवस्थापनांना रिक्त जागा भराव्या लागतील. परिचारिकांच्या संघटनांनी मागणी करावी ती नेमकी हीच. श्वास घ्यायला उसंत मिळणे, हा रुग्णांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.